कृपया एकट्यानेच करावे

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी सबनीसांनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा विषयही स्वतःच ठरवून टाकला, "प्रयोगशाळेतल्या गमतीजमती". सबनीस आमच्या मंडळाचे सचिव आणि अंकाचे संपादकही. माणूस उत्साही आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गमतीजमती म्हटल्यावर माझं डोकं फिरलं, कारण माझ्या नोकरीतल्या निम्म्या मनस्तापाला आपली मंडळीच जबाबदार आहेत आणि त्यांत पहिला नंबर सबनीसांचा. तेव्हा गमती ज्याच्या त्याने शोधाव्यात. मी मनस्ताप लिहिते.

आधी मी काय काम करत होते ते सांगायला हवं, कारण मंडळातल्या बऱ्याच जणांची समजूत आहे की मी मुलांचा बुद्ध्यांक काढून द्यायचे. मिस्टरांच्या बदलीने आम्ही कोलकात्याला आलो. सॉल्ट लेक भागातल्या सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत मी बरीच वर्षं प्रोग्रॅमिंग केलं आणि मग सॉल्ट लेकमधल्याच एका संशोधन संस्थेत लागले. तिथे भाषा आणि मेंदूचा अभ्यास चालतो. माणूस शब्द कसा ओळखतो, त्याला किती वेळ लागतो, तीन भाषांत वावरणाऱ्याच्या डोक्यात त्या एकमेकींच्या वाटेत येतात का, असले प्रश्न. पूर्वी यासाठी माणसाला प्रयोगशाळेत बोलवावं लागायचं. आता प्रयोग इंटरनेटवर ठेवायचा, लिंक पाठवायची, माणसाने घरी बसून तो करायचा आणि उत्तरं आपोआप आमच्याकडे यायची. ते प्रयोग तयार करणं आणि आलेल्या उत्तरांतून खडे निवडणं हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. खडेच जास्त निघतात.

आमचा शेवटचा मोठा प्रयोग मराठीतला होता आणि माझ्या हट्टामुळे होता. पडद्यावर एक चित्र येतं, खाली एक शब्द येतो. जुळत असेल तर हिरवं बटण दाबायचं, नसेल तर लाल. बस. चित्र उमटल्यापासून बोट बटणावर पडेपर्यंत किती वेळ गेला, ते आम्ही सेकंदाचे हजार भाग करून मोजतो. इथे आयुष्य काढलेल्या मराठी माणसाला बाजारात बंगाली, ऑफिसात हिंदी-इंग्रजी आणि घरात मराठी. त्याला मराठी शब्द पुण्यातल्या माणसाइतक्याच चटकन ओळखता येतो का? थोडा वेळ लागत असेल, तर तो किती? हे माहीत असणं गरजेचं आहे, कारण म्हातारपणी कुणी शब्दाशी अडखळलं की घरचे लगेच विसरभोळेपणाचा शिक्का मारतात. कधी तो विसर नसतोच, दुसरीच भाषा आधी तोंडावर आलेली असते.

या सगळ्यासाठी अट एकच, माणूस एकटा हवा. त्याचं डोकं, त्याचं बोट, मध्ये कुणी नाही. ही अट मी पहिल्याच पानावर घातली होती. तिचं काय झालं ते आता सांगते.

गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीतून एका बाईंचा फोन आला. मुलाने प्रयोग करायचाय, पण त्याआधी सरावासाठी प्रश्नसंच मिळेल का? मी म्हटलं, सराव केला तर प्रयोगाला अर्थच राहत नाही. त्या म्हणाल्या, "निदान सिलॅबस तरी सांगा." एका गृहस्थांनी ऑफिसला जाताना रिक्षात बसून प्रयोग उरकला. त्यांच्या उत्तरांत प्रत्येक खड्ड्याला एक लाल बटण होतं. एकांनी मुलाच्या, मुलीच्या आणि सासूच्या नावाने स्वतःच भरून पाठवला आणि वर मला कळवलं की घरातल्या सगळ्यांनी मनापासून भाग घेतला. या सगळ्यांना मी वगळलं, आणि वगळताना जे पुटपुटले ते अंकात छापण्यासारखं नाही.

मग गणपती आले. मी गौरींसाठी बहिणीकडे गेले होते. तिथे सबनीसांचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. "नीलाताई, तुमचं काम झालं. अख्ख्या मंडळाचं एका दमात उरकलं."

"उरकलं म्हणजे?"

"म्हणजे आरतीनंतर सगळे हॉलमध्ये होतेच. म्हटलं, एकेकाच्या मागे कुठे लागायचं. माझा फोन प्रोजेक्टरला जोडला, लिंक पडद्यावर लावली आणि सगळ्यांनी मिळून केलं. काय मजा आली म्हणून सांगू."

मी विचारलं की बटण कोण दाबत होतं. म्हणाले, "मीच. सगळे ओरडून सांगायचे, हिरवं की लाल, मी दाबायचो. वाद झाला तर हात वर करून मतदान." मी कपाळाला हात लावला. एका चित्रावर म्हणे चांगलीच जुंपली. चित्र परातीचं होतं, खाली शब्दही परात होता, पण मागच्या रांगेतल्या बायकांना ते ताट वाटलं. मतदान झालं आणि परात हरली. माझ्याकडे संगणकावर त्या सगळ्या गर्दीची मिळून एकच नोंद आली होती. नावाच्या जागी लिहिलं होतं, समस्त सभासद.

सबनीसांना मी फोनवर बरंच सुनावलं. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की यात बिघडलं काय. "अहो ताई, आपल्यात एकट्याने करण्यासारखं काही असतं का?" असं म्हणाले. मी परत आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे सूचना बदलली. लाल अक्षरात, पान भरून, "कृपया एकट्यानेच करावे. दुसऱ्या कुणाला विचारू नये. शक्य असल्यास खोलीचे दार लावून घ्यावे." आणि लिंक पुन्हा घरोघर पाठवली.

इथपर्यंत माझी तक्रार मराठी माणसांबद्दल होती. आता आमच्या साहेबांबद्दल. अरिंदम वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, विद्वान, वागायला अतिशय गोड आणि कुणाचं न ऐकणारा. त्याला वाटलं की लोक प्रयोग अर्ध्यात सोडतात ते कंटाळ्याने. तर शेवटी त्यांना काहीतरी बक्षीस दिसायला हवं. "नीलादी, मानुष स्कोर चाय," असं मला समजावत म्हणाला. माणसाला गुण हवे असतात. मी म्हटलं, ही परीक्षा नाही, गुण दाखवलेस तर लोक त्याला परीक्षाच समजतील. त्यावर तो हसला आणि चार चित्रं काढून घेऊन आला. सगळ्यांत झटपट उत्तरं देणाऱ्याला शेवटच्या पानावर विमान दिसणार. त्याखालोखाल मेट्रो, मग बस. आणि सगळ्यांत सावकाश असेल त्याला ट्राम. मी लेखी विरोध नोंदवला. त्याने तो वाचून "व्हेरी व्हॅलिड पॉइंट, नीलादी" असं लिहिलं आणि ट्राम चालू केली.

काही आठवड्यांनी पुण्याहून एक फोन आला. "नीलामावशी, मी निखिल कर्णिक. बेहालाच्या कर्णिकांचा मुलगा. बाबांना ट्राम आलीये."

कर्णिक काका-काकूंना मंडळात ओळखत नाही असं कुणी नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. दोघंही एका सरकारी बँकेतून निवृत्त झालेली. काका अधिकारी, काकू क्लार्क, काही वर्षं एकाच शाखेत. निवृत्तीनंतर महाराष्ट्रात परत न जाता इथेच, कोलकात्याच्या दक्षिणेला बेहालात राहिली. निखिल इथेच वाढला, इथेच शिकला आणि आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. मला वाटलं ट्रामच्या गमतीबद्दल बोलायला फोन केलाय.

"फॅमिली ग्रुपवर बाबांनी फोटो टाकला. मला विमान आलं, माझ्या बायकोला मेट्रो, आणि बाबांना डायरेक्ट ट्राम. मावशी, खरं सांगा, किती स्टेजला आहे?"

"कसली स्टेज?"

"मेमरीची."

मी त्याला सांगितलं की मी डॉक्टर नाही, ही तपासणी नाही आणि ते चित्र एका हौशी माणसाने गंमत म्हणून टाकलंय. तो म्हणाला, "पण इन्स्टिट्यूटचं आहे ना?" पडद्यावर निकाल दिसला आणि वर संस्थेचं नाव असलं की आपल्याकडे तो थेट वेदवाक्य होतो. निखिलने तोवर बरंच काही करूनही टाकलं होतं. पुण्याजवळ वृद्धांसाठी घरं बांधलेल्या एका वसाहतीत त्याने आईवडिलांचं नाव नोंदवलं होतं, बेहालाचा फ्लॅट विकण्यासाठी दलालाशी बोलला होता आणि दिवाळीच्या पाडव्यानंतर दोघांना न्यायला येणार होता. "इतकी वर्षं ते नाही म्हणत होते म्हणून मी थांबलो," तो म्हणाला. "आता त्यांच्या नाही म्हणण्याला काय अर्थ आहे?"

आदल्या आठवड्यापर्यंत ज्या माणसाचं नाही म्हणजे नाही होतं, त्याचं म्हणणं एका ट्रामच्या चित्राने रद्द झालं होतं. मी अरिंदमकडे गेले आणि त्याला सगळं सांगितलं. तो खरोखर अस्वस्थ झाला. ट्राम काढतो म्हणाला. मी म्हटलं, तू काढशील, पण बेहालाच्या घरात ती येऊन थांबलीये ती कोण काढणार?

मग मी काकांची नोंद उघडून बसले. आमच्या धंद्यात नुसता सरासरी वेळ बघून काही कळत नाही. थकलेला किंवा विसरायला लागलेला माणूस सगळीकडे सारखा अडखळत नाही. घर, पाणी, झाड अशा रोजच्या शब्दांना तो चटकन बटण दाबतो आणि अडकित्ता, रवी, फिरकीचा तांब्या असं काही आलं की थबकतो. काकांचं तसं नव्हतं. झाडाला जेवढा वेळ, तेवढाच अडकित्त्याला. सगळीकडे तीच संथ चाल, चुकूनही घाई नाही. आणि दुसरी गोष्ट याहून विचित्र होती. काकांची एकही चूक नव्हती. आमच्याकडे आलेल्या सगळ्या नोंदींत, अगदी मराठीच्या प्राध्यापकांच्यासुद्धा, कुठे ना कुठे बोट घसरलेलं होतं. काकांचं कुठेच नाही. बिघडलेल्या डोक्याला हे जमत नाही. चांगल्या डोक्यालाही जमत नाही. माझी खात्री झाली की यात काहीतरी भानगड आहे, बहुधा टॅबची.

निखिल सुट्टी काढून बेहालाला आला तेव्हा मीच म्हटलं की रविवारी येते, टॅब बघते. बस आणि मग मेट्रो करून मी पोचले. दार काकूंनी उघडलं. आत निखिल सोफ्याच्या कडेवर बसलेला, समोर त्या वसाहतीचं रंगीत माहितीपत्रक. काका आरामखुर्चीत, चेहरा शांत, हातात पेपर; तो उलटा धरला नव्हता इतकंच, लक्ष त्यात अजिबात नव्हतं. काकूंनी चहा आणि निमकी, म्हणजे इथली खारी शंकरपाळी, आणली. मी टॅब तपासला. टॅबमध्ये काही बिघाड नव्हता.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही हे कसं केलंत ते मला करून दाखवाल?"

"कसं म्हणजे? सूचनेप्रमाणे." त्यांनी काकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. मी सरावाची चित्रं लावली. पहिलं आलं, समईचं. काकांनी ते पाहिलं, शब्द पाहिला आणि म्हणाले, "जुळतं." बोट त्यांनी बटणाजवळ नेलं, पण दाबलं नाही. टॅब थोडा डावीकडे वळवला. काकूंनी चष्मा नीट केला, चित्र पाहिलं, शब्द पाहिला, "हं, पास," असं म्हटलं आणि हिरवं बटण दाबलं. मग दुसरं चित्र. जुळत नाही. टॅब डावीकडे. चष्मा. पास. लाल.

इतका राग आला मला. "काका, पानभर लाल अक्षरात लिहिलं होतं मी. एकट्यानेच करावे म्हणून."

"लिहिलं होतं ना," काका म्हणाले. "म्हणून तर दार लावून घेतलं. कामाला मुलगी आली होती, तिलाही म्हटलं, थोडा वेळ बाहेर बस. आम्ही एकटेच होतो."

"एकटे म्हणजे तुम्ही दोघं होतात."

"हो. आम्हीच दोघं. तिसरं कुणी नव्हतं."

हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. मी काकूंकडे वळले. "आणि तुमची वेगळी नोंद का नाही केलीत?"

"माझंही त्यातच आलं की," काकू म्हणाल्या. "तेच परत कशाला?"

मग काकांनी मला बँकेचं काम समजावलं, नव्या क्लार्कला समजावतात तसं. बँकेत कुठलीही एंट्री एकटा माणूस करत नाही. एक जण करतो, दुसरा तपासून पास करतो. दोघांचीही नजर पडली की मगच ती जाते. याला मेकर आणि चेकर म्हणतात. शाखेत होते तेव्हा काकू व्हाउचर लिहायच्या आणि काका पास करायचे. निवृत्त झाल्यावर घरात पद्धत तीच राहिली, फक्त खुर्च्या बदलल्या. गॅस बंद केला का, औषध कुठलं घेतलं, विजेचं बिल किती, कुणाचं लग्न कोणत्या तारखेला, सगळं एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने पास करायचं. "नीलाताई, तुमच्याकडे एंट्री करणं आणि पास करणं दोन्ही अधिकार एकाच माणसाला दिलेत," काका म्हणाले. "ऑडिटमध्ये धरतील तुम्हाला."

निखिल सोफ्यावरून पुढे सरकला. तो म्हणाला, "बाबा, आता एकदा फक्त तुम्ही करा. आई आत जाईल."

काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. त्यांना ते आवडलं नव्हतं. पण काकू उठल्या आणि आत गेल्या, आणि मी नवा संच लावला. काकांनी तो एकट्याने केला. हिरवं, लाल, लाल, हिरवं. प्रत्येक बटण दाबल्यावर मात्र त्यांची मान नकळत स्वयंपाकघराच्या दाराकडे वळत होती. मध्येच आतून काकूंचा आवाज आला, "झालं का?" निखिल म्हणाला, "आई, बोलू नकोस ना." संच संपला. पडद्यावर बस आली. त्यांच्या वयाच्या माणसाला यावी तशीच, आणि थोड्या चुका, याव्यात तशाच.

मी माझा लॅपटॉप उघडून निखिलच्या समोर ठेवला. म्हटलं, हे तुझे वडील एकटे. वेळ ठीक, चुका थोड्या. हे तुझे वडील आणि आई मिळून. वेळ जास्त, चूक एकही नाही. आणि तुझी परवानगी असेल तर तुझी नोंदही उघडते. तो "उघडा ना" म्हणाला. निखिलला विमान आलं होतं. त्याचा वेग खरोखर डोळे दिपवणारा होता आणि चुकांचा खच पडला होता. झाऱ्याच्या चित्राखाली उलथनं लिहिलेलं असताना त्याने बेधडक हिरवं दाबलं होतं. रवीला पळी म्हटलं तेही पटलं होतं. अरिंदमच्या विमानाला चुका दिसतच नव्हत्या, फक्त वेळ दिसत होता. हे मी आधीच लेखी कळवलं होतं, ते इथे पुन्हा नोंदवते.

काकू मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी लॅपटॉपवर वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, तुझं विमान भलत्याच गावी उतरलंय."

निखिलला हसू आलं. मलाही आलं, आणि वाटलं, सुटलो. ट्रामची भानगड मिटली, आता चहा पिऊन घरी जावं. पण काका हसले नाहीत. त्यांनी ते रंगीत माहितीपत्रक उचललं आणि निखिलसमोर ठेवलं.

"ही एंट्री कुणी केली?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मी तुमच्यासाठीच..."

"ते मला माहीत आहे. कुणी केली?"

"मी."

"पास कुणी केली?"

निखिलने माहितीपत्रक स्वतःकडे ओढलं. काकांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तू तिथे नाव घातलंस. फ्लॅटसाठी माणूस पाहिलास. तारीख ठरवलीस. माझ्याकडे आणलंस का? आईकडे आणलंस? मला ट्राम आली म्हणजे माझी सही गेली का?"

मी उठून गॅलरीत जावं की काय असं मला झालं. दुसऱ्याच्या घरातलं हे बोलणं ऐकायला आपण का बसलोय, असं वाटत होतं. पण मी उठले असते तर आणखीच विचित्र दिसलं असतं.

मग निखिल बोलला, आणि त्याच्या बोलण्यात आता माहितीपत्रक नव्हतं, हुद्दा नव्हता. "बाबा, सॉरी. पण मला भीती वाटते. मी तिथे, तुम्ही इथे. तुम्ही म्हणता दोघं मिळून एकही चूक होत नाही. बरोबर आहे. पण उद्या दोघं नसाल तेव्हा? आई नसेल तेव्हा कोण पास करणार?"

खरं सांगते, या प्रश्नाला माझ्या विद्येत उत्तर नव्हतं. आम्ही एकेका डोक्याचा वेळ मोजतो. एक डोकं दुसऱ्याच्या भरवशावर किती आहे, आणि ते दुसरं नाहीसं झालं की पहिल्याचं काय होतं, हे मोजण्याचा प्रयोग मी कधी बनवला नाही. उलट असं कुणी आढळलं की मी त्याला खडा म्हणून वेचून टाकत आले. काका काकूंकडे बघत होते, मघाशी टॅब वळवून बघायचे तसे.

काकू त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. "मी नसेन तेव्हा तू ये," त्या निखिलला म्हणाल्या. "माझ्या जागी बस. तेव्हा बाबा बोलतील आणि तू पास कर. किंवा बाबा नसतील, तेव्हा मी बोलेन. पुण्याला नेशील तर येऊ, कुठे म्हणशील तिथे येऊ. पण आत्ता ही खुर्ची रिकामी नाहीये, बाळा."

निखिलने माहितीपत्रकाची घडी घातली आणि खिशात ठेवली. फाडलं नाही, टाकलं नाही, खिशात ठेवलं. काकांनी ते पाहिलं. निघताना काकूंनी मला डब्यात निमकी घालून दिली. दारापर्यंत पोचवायला काका आले आणि त्यांनी विचारलं, "आमची नोंद मग चालेल ना तुम्हाला?"

मी "बघते" म्हटलं आणि जिना उतरले.

चालणार नव्हती, हे मला माहीत होतं. तरी सोमवारी मी अरिंदमपुढे जाऊन बसले आणि भांडले. म्हटलं, आपल्याकडचे लोक एकटे विचार करतच नाहीत, हॉलमध्ये मतदान करतात, घरी पास करून घेतात, आणि आपण एकट्याचंच मोजत बसतो. जोडप्यांवर एक प्रयोग करू. त्याने मन लावून ऐकलं. कल्पना उत्तम आहे म्हणाला. पण मंजूर झालेलं काम एकट्या माणसाचं होतं, आणि वेगळ्या कामासाठी वेगळा प्रस्ताव लागतो, आणि मी त्या वर्षाअखेर निवृत्त होणार होते. "एटा तो दुजनेर, नीलादी," तो हळूच म्हणाला. ही तर दोघांची आहे. तो बरोबर होता. चिडायलाही जागा ठेवली नाही त्याने.

म्हणून ती नोंद मी माझ्याच हाताने वगळली. सगळ्या प्रयोगात एकही चूक नसलेली ती एकमेव नोंद होती. वगळण्याचं कारण लिहावं लागतं. ठरलेली कारणं असतात, लक्ष नव्हते, अर्धवट सोडले, यंत्रात बिघाड. यांतलं एकही लागू नव्हतं. मी लिहिलं, "एकट्याने केले नाही." रिक्षातल्या गृहस्थांच्या आणि समस्त सभासदांच्या बरोबरीने काका-काकू केराच्या टोपलीत गेले. आजही त्या कामाचा विषय निघाला की मला आधी तीच नोंद आठवते आणि जीव चरफडतो.

ट्रामचं चित्र अरिंदमने काढून टाकलं, विमानही काढलं. त्यावर काकूंचा मला तक्रारीचा फोन आला. ट्राम का बंद केली म्हणून. त्यांना ती आवडली होती.

आता शेवटची गोष्ट. यात कर्णिकांच्या घरातलं सगळं मी लिहिलंय, तेव्हा छापण्याआधी त्यांना दाखवणं भाग होतं. सबनीस रोज फोन करताहेत. अंक छापायला जायचाय, बाकीचे लेख केव्हाच आले, तुमचंच अडलंय, ताई, एवढा काय वेळ लागतो. त्यांना मी काल शांतपणे सांगितलं की लेख बेहालाला गेलाय. काकांनी वाचलाय. आता काकूंकडे आहे. त्यांचं झालं की मिळेल.